फिरता ओटा

डेल नावाचा तो अमेरिकन माणूस हरिदासला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नकोसा झाला.

हरिदास शिराळ्याकडचा. कतारमध्ये, शहानियाच्या रस्त्याला, एका म्हाताऱ्या कतरी मालकाच्या गोठ्यात त्यानं बरीच वर्षं काढली होती. गाई मोजक्याच. मालक संध्याकाळी येऊन बसायचा, आजारी गाईच्या पाठीवरून हात फिरवायचा. तो वारला, मुलांनी जागा एका मोठ्या कंपनीला विकली, आणि बघता बघता तिथं नजर पोहोचणार नाही एवढ्या लांब शेड उभ्या राहिल्या. गाई विमानानं अमेरिकेतून आल्या, चारा जहाजानं. मागोमाग डेल आला, सगळं 'तिकडच्यासारखं' करायला.

तिकडच्यासारखं म्हणजे गाईला कधी ऊन दिसायचं नाही. दूध आटलं की तिला कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवायचे. त्या वेळी हरिदास मुद्दाम दुसऱ्या शेडमध्ये जायचा.

त्याच्यासोबत काम करणारा, त्याच्याच खोलीत राहणारा बिहारचा फुजैल म्हणायचा, "भाई, अपने काम से काम रख."

एका दुपारी डेल मेसमध्ये त्याच्यासमोर येऊन बसला. हरिदासच्या तोडक्या इंग्रजीला झेपेल इतक्या सावकाश बोलू लागला.

"माझ्या वडिलांचाही छोटा गोठा होता, विस्कॉन्सिनला. शेजारी कंपनीनं हजारो गाई आणल्या. दुधाचा भाव पडला. एकेक करत सगळ्यांनी गोठे विकले. गावातली शाळा बंद झाली, दुकान बंद झालं. वडील शहरात जाऊन गोदामात खोकी उचलायला लागले."

"मग तुम्ही इथं तेच का करता?"

"कोण जिंकतं ते बघितलं म्हणून." डेलनं पाण्याचा घोट घेतला. "आता फिरता ओटा येतोय. गाई त्यावर उभ्या राहतील, ओटा फिरत राहील, यंत्र दूध काढेल. निम्मी माणसं जातील. तू सुपरवायझर हो."

"आणि फुजैल?"

"तो नाही."

समोरची थाळी डेलच्या तोंडावर मारावी असं हरिदासला वाटलं. तो उठून बाहेर गेला आणि बायकोला, बबीताला, फोन लावला.

"व्हय म्हणा," ती म्हणाली. "तुमी नाय म्हटल्यानं त्या फुजैलची नोकरी ऱ्हाणाराय व्हय?"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच तिचाही राग आला. त्यानं फोन कट केला, आणि दुसऱ्या दिवशी डेलला हो सांगितलं.

फुजैल निघाला तेव्हा हरिदास त्याची बॅग उचलायला पुढं झाला. फुजैलनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"रहने दीजिए, साहब," म्हणाला, आणि मागं न बघता बसमध्ये चढला.

ओटा सुरू झाला. दिवसरात्र फिरू लागला. नवी नेपाळी पोरं हरिदासला घाबरायची, आणि तोही त्यांच्यावर डेलसारखाच खेकसायचा. आपला आवाज ऐकून त्याला शिसारी यायची, पण खेकसणं थांबलं नाही.

काम संपवून डेल दुसऱ्या देशात निघाला. जाताना त्यानं हात पुढं केला. हरिदासनं आपले हात खिशातच ठेवले.

"ठीक आहे," डेल म्हणाला. "ज्यानं मला हे काम शिकवलं, त्याच्याशी मीही असाच वागलो होतो."

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत हरिदास तिथंच उभा राहिला. मग थुंकला, आणि शेडकडं वळला.