जावळाचं शूटिंग

सोलापुरात माझा स्टुडिओ आहे, असं मी सांगतो. खरं म्हणजे एक गाळा आहे, त्यात एक पडदा आहे आणि बाहेर फ्लेक्सवर माझाच पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आहे. त्यात मी कॅमेऱ्याला डोळा लावून कुठंतरी लांब बघतोय. लेन्सचं झाकण काढलेलं नाही, हे फ्लेक्स लागल्यावर दिसलं. तोपर्यंत पैसे गेले होते.

बारसं, जावळ, साखरपुडा, लग्न, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांमधले सेवानिवृत्तीचे सत्कार, सगळं मी करतो. तर एक दिवस माळशिरसकडच्या एका वाडीवरून एका बाईचा फोन आला.

"जावळाचं शूटिंग करता का तुमी?"

"करतो की! तेच तर करतो."

"काळंभोर हाय बगा. लई मऊ. बगनाऱ्याला त्ये कळाय पायजे."

"कळणार. किती महिन्यांचं आहे?"

"सा म्हैन्याचं आसंल."

"वा वा. आणि मांडीवर घ्यायला मामा येणार ना?"

"मामा कशाला? आमचं आमीच धरतो की. पाय बांदलं की गप पडतंय."

इथं कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी वहीत लिहिलं, 'बाळ दंगेखोर. खुळखुळे जास्त घेणे.'

आणि निघालो. जुन्या व्हॅनमध्ये दोन मोठे एलईडी दिवे, त्यांच्यावर उजेड मऊ करायच्या पांढऱ्या छत्र्या, फुगे, निळा-गुलाबी पडदा आणि माझा हुकमी पुठ्ठ्याचा चंद्र. या चंद्राच्या कोरीवर मी आजवर शेकड्यानं बाळं बसवली आहेत. तीन तासांनी वाडीवर पोचलो. ओसरीवर एक म्हातारी चरख्यावर लोकर कातत बसली होती. मी चंद्र काखेत धरून उतरलो.

"आजी, बाळ कुठंय?"

"कसलं बाळ?"

"जावळाचं."

म्हातारीनं चरखा थांबवला. माझ्याकडं बघितलं, चंद्राकडं बघितलं. "कोकरू व्हय? कोकरं रानात गेल्यात. सांजच्याला येत्याल. ह्यो चांद कुनाला आनलाय?"

तेवढ्यात फोन करणारी बाई बाहेर आली. म्हातारीची सून. चाळिशीची असेल, हाताला खळ लागलेली. झालेला घोटाळा तिच्या लगेच ध्यानात आला. ती हसली नाही, पण न हसायला तिला पदर तोंडाशी धरावा लागला. मेंढीच्या कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. माणसाच्या पोराचं जसं, तसंच कोकराचं. पुन्हा कधी तेवढी मऊ निघत नाही. त्या लोकरीचं घोंगडं तिनं विणलं होतं आणि त्याचं शूटिंग करायचं होतं.

मी म्हणालो, "हो हो, तेच. प्रॉडक्ट शूट. रोजचंच आहे आपलं."

म्हातारी म्हणाली, "मग चांद गाडीत ठिवा की."

आत माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं लाकडी पावड्या दाबायच्या आणि हातानं सुताचा धोटा इकडून तिकडं टाकायचा. चिंचोक्याच्या खळीचा वास खोलीभर होता. बाईनं सगळं सांगितलं. माग नवऱ्याचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. लग्न झाल्यापासून ती त्याला सूत करून द्यायची, खळ लावून द्यायची आणि बघत राहायची. तो गेल्यावर वर्षभर माग तसाच राहिला. मग एक दिवस ती खड्ड्यात उतरली. घरातल्या बाईनं विणणं त्यांच्यात आजवर झालेलं नव्हतं. बायांनी कातायचं, पुरुषांनी विणायचं. पहिली दोन घोंगडी वाकडी आली, ती घरात अंथरायला घेतली. हे तिसरं.

पुण्याचा एक दुकानदार नवऱ्याचं प्रत्येक घोंगडं घ्यायचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, बाईच्या हातचं म्हणजे आधी बघावं लागेल. नीट व्हिडिओ पाठवा. बघून सांगतो."

"आन् त्यानं न्हाय म्हटलं तर?" मी विचारलं. त्यांच्यात बसलं की माझी भाषा त्यांच्यासारखी होते, ही माझी एक खोड आहे.

"मग दीर खड्डा बुजवनार. शेळ्या बांदायला जागा कमी पडतीया म्हनत्यात. आखाडापातूर थांबा म्हटलंय मी."

एवढं सगळं ऐकूनही मी काय केलं? मी बाळाचं शूटिंग केलं. घोंगडं खाटेवर पसरलं, समोरून दोन्ही दिवे लावले, छत्र्या उघडल्या, सावली नावाची गोष्ट खोलीत शिल्लक ठेवली नाही आणि कॅमेरा ऑटोवर टाकला. ऑटोला समोर काय आहे ते कळत नाही, उजेड किती येतो एवढंच कळतं. समोर सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं, अरेरे, इथं अंधार आहे. मग तो परोपकारी माणसासारखा उजेड वाढवत सुटतो आणि काळ्याचं राखाडी झाल्यावरच थांबतो. बाळांच्या बाबतीत हे चालून जातं. बाळ आहे त्याहून उजळ निघतं आणि एखादी आत्या सोडली तर सगळे खूश होतात.

छोट्या स्क्रीनवर घोंगडं मला फार गोड दिसलं. मागं मी बासरी लावली. कडेनं गुलाबाच्या पाकळ्या पडताना दाखवल्या. फाईल पाठवून दिली आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी बाईचा फोन. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"दादा, तुमच्या मशीनमदी काळा रंग न्हाय का?"

"का हो?"

दुकानदाराचा निरोप तिनं मला ऐकवला. तो म्हणत होता, "वहिनी, ही लोकर करडी दिसते. मिसळ आहे. जावळ म्हणून सांगू नका. तुमच्या मालकांनी असं कधी केलं नव्हतं." शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी आधी दुकानदाराच्या मोबाइलला नावं ठेवली. मग नेटवर्कला. मग म्हटलं थांबा, आत्ता करून देतो. कॉम्प्युटरवर बसून सगळं काळं केलं. घोंगडं काळं झालं, खाट काळी झाली, घोंगड्याची कड धरलेले बाईचे हात काळे झाले. सुताचा दोरा न दोरा त्या काळ्यात बुडाला. त्यावर बाईचं उत्तर आलं, "आता तर दिसनाच काय. नुसतं भोक पडल्यागत झालंय."

दुसऱ्या दिवशी मी परत वाडीवर. या वेळी चंद्र नेला नाही. दिवे नेले, पडदा नेला आणि वाटेत सुचलेली एक कल्पनाही नेली. ती मी ओसरीवर पोचल्या पोचल्या सांगितली. "ताई, सोपं आहे. वरनं थोडा काळा रंग मारू. शूटिंगपुरता. मग धुऊन टाकू."

बाई घोंगडं घडी करून छातीशी धरून उभी राहिली. मला वाटलं, ती विचार करतेय.

म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, त्यो दुकानदार बी त्येच म्हनतुया की. आमी फसवतूया म्हनून."

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी लग्नात चुकीच्या नवरीचे फोटो काढलेत, सत्कारात सत्कारमूर्तीला सोडून हार देणाऱ्याला धरलंय. पण त्या वेळी कुणी ना कुणी हसलं होतं. इथं कुणी हसलं नाही. मी दिव्यांच्या वायरी गुंडाळायला लागलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग बाईच म्हणाली, "तुमी काळं समोरनं बगताय. काळं समोरनं बगायचं नसतंय."

"मग?"

"आडवं बगायचं. हिकडं या."

दुपार कलली होती. पश्चिमेच्या दारातून ऊन आत येऊन जमिनीवर लांब पडलं होतं. ती उंबऱ्याशी बसली, घोंगडं एका हातावर टाकलं आणि हात डोळ्यांच्या रेषेत आणून कडेनं बघायला लागली. मला म्हणाली, "वाका. आजून वाका." मी वाकलो. माझं पोट मध्ये आलं, म्हणून शेवटी गुडघ्यांवर बसलो. आणि दिसलं. समोरून बघताना नुसता काळा गोळा वाटणाऱ्या त्या घोंगड्यावर उन्हाची तिरपी रेघ होती आणि त्या रेघेत एकेक केस वेगळा चकाकत होता. विणीचे उभे-आडवे सगळे धागे मोजता आले असते.

"रंगवलेली लोकर आशी चमकत न्हाय, मेल्यागत पडती," ती म्हणाली. "मिसळ आसली तर मदीच पांडरा केस उठतुया. मालक आसंच बगून सूत निवडायचे. मी बी तसंच निवडलंय."

मी तिला म्हणालो नाही, पण आमच्या धंद्यातलं एक मोठं गुपित ती मला गुडघ्यांवर बसवून शिकवत होती. काळी वस्तू उजेड टाकून दिसत नाही, तिच्यावरची चमक पकडली तर दिसते. हे मी कुठल्यातरी शिबिरात कधीकाळी ऐकलं असणार. तिथं जेवण फार चांगलं होतं, तेवढं आठवतं.

दोन्ही दिवे व्हॅनमध्ये गेले. खिडकीवर पोतं टांगलं. उरला फक्त दारातला उजेड. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला. ऑटो बंद केला, आणि उजेडाचं माप घोंगड्यावरून न घेता तिच्या तळहातावरून घेतलं. तळहात तळहातासारखा दिसला की काळं आपोआप काळं राहतं. म्हातारी एवढा वेळ तोंडात तंबाखू धरून बघत होती. ती उठली आणि पांढऱ्या मेंढीच्या लोकरीचा पुंजका आणून घोंगड्यावर ठेवला.

"आता म्हनू दे त्याला करडं."

मी एवढी वर्षं कॅमेरा धरतोय, हे मला सुचलं नव्हतं.

तिथूनच पाठवलं. बासरी नाही, पाकळ्या नाहीत. चहा होईपर्यंत दुकानदाराचा निरोप आला. बाईनं मोबाइल सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "हे मात्र अस्सल आहे. पण वहिनी, हे त्याच्याच हातचं जुनं आहे ना? राहिलेलं? खरं सांगा."

मी तिच्याकडं बघितलं नाही. शूटिंग इतकं चांगलं झालं होतं की घोंगडं तिच्या हातचं न राहता नवऱ्याच्या हातचं झालं. आता यात माझी चूक नव्हती, पण सवयीनं मला ती माझीच वाटली.

बाईनं कप खाली ठेवला. आत गेली. पदर खोचून खड्ड्यात उतरली. मागावर पुढचं घोंगडं निम्म्यावर होतं.

"लावा तुमचं मशीन," ती म्हणाली. "आन् मदी बंद करू नका."

माझ्या व्हिडिओत दर चार सेकंदांनी काहीतरी फिरतं, उघडतं, बदामाच्या आकारात मिटतं. तोडणं आणि जोडणं यावरच माझं पोट चालतं. पण तिनं बरोबर ओळखलं होतं. मध्ये एकदा जरी तोडलं तरी दुकानदाराला वाटायला जागा राहणार, की हात बाईचे आणि कापड दुसऱ्याचं. म्हणून एकच सलग. तिच्या चेहऱ्यापासून सुरू केलं, खांद्यावरून हातावर आलो, धोट्याबरोबर डावीकडून उजवीकडं गेलो. पायांवर उतरलो, परत वर आलो. नव्यानं भरलेल्या चार बोटांच्या पट्टीवर दारातला उजेड आडवा पडला होता, तिथं थांबलो. पहिल्यांदा मीच शिंकलो. दुसऱ्यांदा म्हातारीनं विचारलं, "ह्यांला जेवायला सांगू का?" तिसऱ्यांदा जमलं. साडेसहा मिनिटं. शेवटी शेवटी कॅमेरा हलला आणि तो हललेला तुकडा मी कापला नाही.

पाठवलं. बाई खड्ड्यातच बसून राहिली. मोबाइल तिनं मागाच्या लाकडावर ठेवला होता. बाहेर कोकरं परत आल्याचा गलका झाला, म्हातारी दारापर्यंत जाऊन परत फिरली. निळ्या खुणा लागल्या, म्हणजे त्यानं बघायला घेतलं होतं. साडेसहा मिनिटं तर लागणारच. ती होऊन गेली. अजून थोडी गेली. तो परत पहिल्यापासून बघत असावा.

मग निरोप वाजला. लिहिलेला होता. बाईनं मनात वाचला.

"काय म्हनतुया?" म्हातारी.

"हे धाडून द्या म्हनतोय. आन् मागावरचं कदी हुईल, इचारतोय."

मी मोठ्या उत्साहानं कॅमेरा उचलला. म्हटलं हा आनंदाचा प्रसंग आहे, आपलं काम हेच. "ताई, जरा इकडं बघा. हसा बघू!"

तिनं धोटा हातात घेतला होता.

"उजेड हाय तवर दोन बोटं भरत्याल," ती म्हणाली. "दादा, दारातनं सरका."