वाईच

मेलेली माणसं स्वप्नात येतात ती जिवंतांना काही तरी शाश्वत सांगून जायला, असं जाणते लोक म्हणतात. नाना कणसे येतात ते अनुस्वार मोजायला.

रविवारची दुपार आहे. जयसिंग फडतरे मटणाचा रस्सा आणि दोन भाकरी पोटात घालून पलंगावर कलंडलाय. वय बावन्न, साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक, आणि गेली नऊ वर्षं कादंबरीकार. कादंबरी तेवढी व्हायची आहे. छातीवर हस्तलिखित आहे, हातात टोपण काढलेलं शाईचं पेन. अशी सात पेनं त्यानं जमवलीत, कारण पेन बदललं की लिखाण सुटतं. दुर्बिणीतून पक्षी बघितले की सुटतं, अजिंक्यताऱ्यावर चढून आलं की सुटतं. एकंदरीत कादंबरीसाठी माणसानं जे जे करायला हवं ते सगळं त्यानं केलंय. बसून लिहिणं मागं पडलं, ते पडलं.

पण उद्या सोमवारी हे हस्तलिखित पुण्याला प्रकाशकाकडे जायचंय, आणि त्यातलं पहिलंच वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं अडकलंय.

मूळ वाक्य असं होतं: ‘तात्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, पण वाईच.’ वाईच, म्हणजे थोडंसं. सातारा-कराडकडे लहान पोरालाही कळतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं ते नाना कणशांना दाखवलं. नानांनी पुण्याच्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली होती आणि निवृत्त होऊन ते साताऱ्यात राहत होते. त्यांनी लाल शाईनं ‘वाईच’वर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘वाईचे की साताऱ्याचे? स्पष्ट करावे.’ तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता मेलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? नाना चुकत नाहीत, हे तर अख्ख्या साताऱ्याला ठाऊक. जयसिंगनं मान तुकवली आणि कादंबरी साताऱ्यातून उचलून वाईला नेली. एकशे चाळीस पानं. तात्यांचं घर नेलं, विहीर नेली, दोन म्हशी नेल्या. स्थळाचा अभ्यास म्हणून दर रविवारी तो बायकोला घेऊन वाईच्या घाटावर जाऊ लागला.

“तुमची कादंबरी वाईला गेल्यापासून आपण घाटावर भेळ खातोय,” उज्ज्वला एकदा म्हणाली होती. “तिथं एक ओळ लिहिलेली मी बघितली नाही.”

आज पक्क्या प्रतीत पहिलं वाक्य असं आहे: ‘तात्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते खोटं वाईचं होतं.’

हे वाक्य वाचता वाचता त्याचे डोळे जड होतात. पंखा गरगरतोय. स्वयंपाकघरात उज्ज्वला पातेली लावतेय, त्याचा आवाज लांब जातो, मग पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि पलंगाच्या पायथ्याशी नाना बसलेले असतात. पांढरा सदरा, खिशाला लाल पेन.

“फडतरे, तिसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय.”

“नाना, तुम्ही गेलाय.”

“म्हणून काय अनुस्वार सोडून द्यायचा?”

जयसिंग उठून बसतो तर पलंग एसटीचं बाकडं झालाय आणि गाडी वाईच्या रस्त्याला लागलीय. बाकी गाडी रिकामी. प्रत्येक बाकावर मात्र मुद्रितांची एकेक चळत बसलीय, तिकीट काढल्यासारखी.

“जरा पाणी मिळेल का?” नाना विचारतात. भाषा स्वच्छ, इस्त्री केलेली. जिवंत असतानाही ते असंच बोलायचे.

“आधी माझं ऐका. माझी कादंबरी बिघडलीय.”

“ती आधीच तशी होती. मी फक्त पहिलं पान तपासलं.”

“तुम्ही ‘वाईच’चं ‘वाईचे’ केलंत.”

“गावाचं नाव असेल तर षष्ठी नीट लागली पाहिजे.”

“गावाचं नाव नव्हतं ते.”

गाडी थांबत नाही, पण दोघं उतरलेले असतात. पायाखाली घाटाच्या पायऱ्या आहेत. नीट बघावं तर पायऱ्यांना खण आहेत आणि खणाखणांत अक्षरांचे शिशाचे खिळे भरलेत, छापखान्यात असायचे तसे. क, का, कि, की. नाना वाकून एका खणातून ऱ्हस्व वेलांटी उचलतात, फुंकर मारून परत ठेवतात. समोर कृष्णा वाहतेय. पाण्यावर ओळी आहेत आणि कुठल्याच ओळीच्या शेवटी पूर्णविराम नाही. नाना तिकडे बघायचं टाळतात.

“त्याजागी ‘थोडेसे’ लिहा,” ते म्हणतात. “अर्थ तोच होतो.”

“होत नाही, नाना. थोडंसं म्हणजे मापात कमी. दारात उभा राहून माणूस म्हणतो ना, सरका वाईच, त्यात माप नसतं. त्यात समोरच्याची मर्जी धरलेली असते. तात्या खोटं बोलतात तेसुद्धा असंच, जगाला वाईच सरकायला सांगितल्यागत.”

“पुण्यात हे कोणाला कळणार?”

“नाही कळलं तर विचारतील.”

“हसतील.”

“हसू देत.”

नाना चष्मा पुसतात. हवा गरम आहे, रश्श्याचा वास येतोय, कुठून ते कळत नाही. जयसिंगला एकदम आठवतं, की आपल्या हातात हुकमाचं एक पान आहे, आणि ते दोन वर्षं आपण खेळलेलं नाही.

“नाना, तुमच्या तेराव्याला मी होतो.”

“कितपत जेवलात?”

“पोटभर. तुमची बहीण वाढायला होती. हिराबाई, आपल्या साताऱ्याकडच्या कोरेगावच्या. तुम्ही तर मूळचे पुण्याचे म्हणून सांगायचा.”

नाना वाकून खणातला एक खिळा सरळ करतात.

“ती पंगतीत फिरत होती. भात घ्या वाईच. आमटी वाईच. माझ्या पानापाशी थांबून म्हणाली, दादाला आमटी लई आवडायची, तुम्ही तरी वाईच घ्या. तेव्हाच मला कळलं. तुम्हाला हा शब्द ठाऊक होता. तुमचं ते वाईचे की साताऱ्याचे, ती चूक नव्हतीच.”

पायऱ्यांमधले खिळे खळखळतात. घाट आता पाटबंधाऱ्याचं ऑफिस झालाय. जयसिंगच्या टेबलापाशी नाना अर्जदारासारखे उभे आहेत, हातात काही नाही.

“छापखान्यात पहिल्या दिवशी मी खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हणालो, दिवा वाईच इकडं कर,” नाना हळूच म्हणतात. “तो शब्द सगळ्यांनी चेष्टेला महिनाभर पुरवला. चहा आला की, वाईच घ्या हो कणसे. मालकसुद्धा. मग मी तो काढून टाकला. स्वतःमधून आधी. नंतर ज्याच्या त्याच्यामधून.”

“आणि माझ्यातून.”

“तुमच्यावर कोणी हसू नये म्हणून.”

“मला विचारायचं तरी.”

“लेखकाला काय विचारायचं,” नाना म्हणतात, आणि हे मात्र अगदी मनापासून.

जयसिंग हस्तलिखित पुढ्यात ओढतो; वर नानांनी काट मारलेलं जुनं पहिलं पान आहे. मारलेला शब्द परत घ्यायचा असेल तर काय करायचं, हे नानांनीच त्याला शिकवलंय: शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात ‘कायम’ लिहायचं. नानांनी मारलेल्या शब्दाला टिंबं द्यायची छाती आजवर कुणाची झालेली नाही. जयसिंग पेन टेकवतो. कागद मऊ लागतो, दबतो. तो एक एक टिंब देतो, सावकाश, दाबून. मग लिहितो, मोठ्या अक्षरात.

“ह्याची जबाबदारी माझ्यावर नाही,” नाना म्हणतात.

“नाहीच. माझ्यावर.”

“तात्यांच्या म्हशी?”

“आजच्या आज साताऱ्याला परत.”

नाना वाचतात, चष्मा वर करून. बराच वेळ. लाल पेनाला हात जातो आणि खिशावरच थांबतो. मग ते खुर्चीवर बसतात, दमलेल्या माणसासारखे, आणि पुण्यातली अडतीस वर्षं बाजूला ठेवून म्हणतात,

“पाणी दे वाईच.”

जयसिंग तांब्या घ्यायला वळतो.

“अहो, हे काय करून ठेवलंय?”

उज्ज्वला पलंगापाशी उभी आहे, हातात चहा. साडेचार वाजलेत. हस्तलिखित जमिनीवर पसरलंय, पेन मुठीत आहे. गालाखालच्या उशीच्या कोऱ्या अभ्र्यावर चार निळी टिंबं, आणि शेजारी टपोऱ्या अक्षरात ‘कायम’.

“हे तुम्ही लिहिलं?”

“हो.”

“उशीवर?”

“समासात,” जयसिंग म्हणतो.

ती चहा ठेवते. “आज घाटावर जायचंय ना? भेळ?”

“नाही. आज बसून लिहायचंय. वाई काढून टाकायचीय.”

“अख्खी?”

“अख्खी. चहात साखर घाल वाईच.”

तो रात्री साडेनऊपर्यंत टेबलापाशी बसतो. एकशे चाळीस पानांतून वाई काढतो, म्हशी घरी आणतो, पहिलं वाक्य होतं तसं लिहितो, आणि सोमवारी सकाळी हस्तलिखित टपालात टाकतो.

शाई धुतली जाणारी होती. दुसऱ्या धुण्याला अभ्रा स्वच्छ निघाला.