मालनबाईंचा पांढरा गोटा

बहात्तरच्या दुष्काळात बीडच्या एका चिंचोळ्या गल्लीत, सहकारी भांडारातले नवे कारकून भारतराव यांनी दारापुढचे चाळीसेक दगड उचलून कोपऱ्यात सुरेख ढीग रचला. चेअरमनसाहेब येणार होते, अंगण साफ दिसायला हवं होतं. ते दगड म्हणजे टँकरची रांग होती, एका घराचा एक, हे त्यांना बायकांच्या शिव्यांवरून कळलं. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

भांडाराच्या पायरीवर बांगड्या विकणाऱ्या मालनबाई पदर खोचून उठल्या. "ह्यो वरवंट्याचा तुकडा शिंप्याचा. ही अर्धी वीट मास्तरांची. त्यामागं ही फरशी, हाजीसाबची." असं करत त्यांनी अख्खी गल्ली पुन्हा ओळीनं मांडली. बायका आपापल्या दगडामागं घागरी घेऊन उभ्या राहिल्या.

आता तिथं घरोघर नळ आहेत, तरी भारतराव गल्लीतून खाली बघूनच चालतात. त्यांना आठवतो मालनबाईंचा पांढरा गोटा. तो बाईंनी सगळ्यांच्या मागं ठेवला होता, आणि टँकर तर तिसाव्या घरालाच आटायचा.

भारतरावांनी तेव्हा विचारलं होतं, "मावशी, मी उचलला तवा ह्यो समद्यात म्होरं होता की."

"रांग मी लावली, मग माजाच पयला कोण मानंल?"