एका शब्दावर अडलेला पाय

इस्पितळात त्यांना सगळे दुभाषीबाईच म्हणत. वडील खलाशी, आई परमुलुखातली. घरात भांडण जुंपलं की दोघंही आपापल्या भाषेत सुरू व्हायचे. "मध्यस्थी करता करताच ही दुभाषी झाली," असं थोरली बहीण हसत सांगायची.

त्या दुपारी नर्सने बाईंना जिन्यातच गाठलं. "बाई, पळा! छपरावरून पडलेल्या गवंड्याने सलाईन उपटलंय. कुणाला जवळ येऊ देत नाही."

गवंडी पलंगावर अर्धवट उठून बसला होता, हातात स्टीलचं भांडं उगारलेलं. पाय काळानिळा पडलेला. बायको भिंतीला टेकून उभी होती.

"मी पाय वाचवतो म्हणतोय आणि हा मला हाकलतोय!" नवे सर्जन बाईंना जर्मनमध्ये म्हणाले, तीच त्यांची मातृभाषा. "रक्तपुरवठा लवकर सुरू झाला नाही, तर पाय हातचा जाईल."

"मघाशी स्वतःच म्हणाला, शेवटी पाय कापणारच!" गवंडी इंग्रजीत ओरडला. "मग आत्ता चिरफाड कशाला? घरी जाऊ द्या मला."

बाईंनी सर्जनना विचारलं, "तुम्ही इंग्रजीत नेमकं काय म्हणालात?"

"आधी शस्त्रक्रिया, आणि इव्हेंच्युअली पाय काढू."

घोळ कुठे झाला ते बाईंना कळलं. लॅटिनमध्ये 'एव्हेंतुस' म्हणजे घडून आलेली गोष्ट. त्यावरूनच आलेला हा शब्द जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन माणूस 'वेळ आलीच तर' अशा अर्थाने वापरतो. इंग्रजीत मात्र तो 'शेवटी' होतो.

बाई भांड्याच्या टप्प्यातच पलंगाच्या कडेला बसल्या. "दादा, यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. वेळ आलीच तर, असं म्हणायचं होतं त्यांना."

"सारवासारव करू नका! तुम्ही त्यांच्याच."

बायको पुढे झाली. "बाई, त्यांना विचारा, भूल दिल्यावर परस्पर कापणार नाहीत ना?"

बाईंनी सर्जनना शब्दाचा घोळ सांगितला आणि तिचा प्रश्न विचारला. त्यांचा चेहरा उतरला होता. ते थेट तिच्याकडे बघून बोलले आणि बाईंनी शब्द न् शब्द सांगितला : "चूक माझी. पाय वाचवायलाच आत नेतोय. तुम्हाला विचारल्याशिवाय कापणार नाही."

"अहो, ऐका ना," बायको म्हणाली.

गवंड्याने उगारलेला हात खाली घेतला. मग त्याने भांडं तिच्या हातात दिलं.

पायाची दोन बोटं गेली, पाय राहिला. पुढे गवंडी छपरावर काही चढला नाही. जमिनीवरची बांधकामं घ्यायला लागला. सर्जन मात्र तेव्हापासून प्रत्येक पेशंटला विचारतात, "मी काय म्हणालो, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू."