भाजीवर एक शब्द

पवनारच्या भाजीवाल्या काकांनी मला परत गाडीत बसवलं नसतं, तर आज मी कच्छच्या बंदरावर क्रेन चालवत नसतो, घरी तोंड लपवून बसलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांची थोडी थट्टा येणार आहे. इंग्रजी शब्दांच्या मागं असा हात धुऊन लागलेला भाजीवाला जगात दुसरा नसेल. बाकीचे भाजीवर मूठभर कोथिंबीर टाकतात, काका एक शब्द टाकत. वांगी तराजूत आणि काका त्या शब्दाच्या आजोळी. शेवटी काकू हातातून तराजू काढून घेत. "पालक सुकून राह्यला. त्याच्यावर काय तुमचे शब्द शिंपडू?" काका शांतपणे म्हणत, "पालक उद्या पुन्हा येते. ताईले हा शब्द कोण सांगन?" ताई तोवर शेजारच्या गाड्यावर पोचलेली असे.

मी नववीत शाळा सोडलेली. क्रेन शिकायला बंदरावर गेलो, इंग्रजी सूचनांचं जाडजूड पुस्तक पाहिलं आणि आठव्या दिवशी पळून आलो. सोमवारी हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. घरी सांगितलं, सुट्टी आहे. काकांना मात्र खरं सांगितलं.

"अबे, क्रेन हे पहिले पाखरू होय," भेंडी तोलायची सोडून ते म्हणाले. "आपल्या करकोच्यासारखं. त्याची लांब मान पाहून लोकायनं यंत्राले नाव देलं. मान उंच करून पाहणं, त्यालेही तोच शब्द. एक पाखरू तीन ठिकाणी कामाले लागलं, अन् तू एका ठिकाणाहून पळून आला?"

दुसरा दिवस बाजाराचा. बाजाराच्या दिवशी काकांनी दुकान कधी सोडलं नव्हतं. ते काकूंवर टाकून माझ्यासोबत वर्धा स्टेशनवर आले, माझी पिशवी घेऊन डब्यात चढले आणि बसून सांगू लागले, की इंग्रजीत वंशावळीला पेडिग्री म्हणतात, त्याचं मूळ या पाखराच्या पायात. वंशाच्या फांद्या त्याच्या बोटांसारख्या दिसतात ना!

समोरचा प्रवासी म्हणाला, "काका, गाडी सुटली."

"सुटू दे. पाय पुरा होऊ दे."

पाय पुलगावला पुरा झाला. उतरून खिडकीशी आले, म्हणाले, "पुस्तकातला शब्द अडला त फोन करजो." वर्षभर रोज केला. काकू म्हणतात, सगळे शब्द फोनवरच खर्च व्हायचे, म्हणून तेवढंच वर्ष गिऱ्हाइकं टिकली.

गेल्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत खाडीवर करकोच्यांचा थवा उतरताना दिसला. लगेच फोन लावला. काका म्हणाले, "क्रेन शब्दाचं मूळच त्याच्या घोगऱ्या ओरडण्यात आहे म्हणते. कसं ओरडते रे?" मी फोन उंच धरला.

"वाराच ऐकू येऊन राह्यला," ते म्हणाले, तरी सुट्टी संपेपर्यंत त्यांनी मला फोन ठेवू दिला नाही.

त्यांचे गुडघे आता दुखतात. तरी एका हिवाळ्यात मी स्वतः पवनारला जाऊन त्यांना घेऊन येणार आहे. खाडीकाठी खुर्ची टाकून बसवीन, आणि थवा येईपर्यंत ते सांगतील तेवढं ऐकीन.