ड्रूसिलाचा हात

वर्ग आठला होता. ड्रूसिला ब्रिटन सहालाच राखीव जंगलाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. अंगावर नवा खाकी शर्ट, खिशावर 'शिक्षण विभाग' असं शिवलेलं. एकोणतीस वर्षांची बाई, पण पाय एका जागी ठरत नव्हते.

प्रॉव्हिडेन्सिया बेटावर काळा खेकडा धरावा तर साउथवेस्ट बे गावच्या ब्रिटन घराण्यानं. ड्रूसिला बाराव्या वर्षापासून खेकड्यांची पोती भरत आली. म्हणून तर मुलांना खेकडे जपायला शिकवायच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला तिचं नाव लागलं तेव्हा अख्खं गाव खिदळलं. आई म्हणाली, "आता खेकड्यांना एबीसी शिकवणार वाटतं?"

"शिकवीन. तुझ्यापेक्षा लवकर शिकतील."

जंगलातल्या शिक्षण केंद्राची प्रमुख मिस ग्लेनिस हिनं आल्या आल्या हातात एक कागद कोंबला. "आजचा वर्ग मी मागे बसून बघणार. जमलं तर तू राहशील, नाहीतर उद्या दुसरं कुणीतरी."

कागद मुख्यभूमीवरून आलेला, चोख स्पॅनिशमध्ये. 'प्रिय चिमुकल्या निसर्गमित्रांनो' अशी सुरुवात. ज्यानं हे लिहिलं त्याला खेकडा फक्त ताटातच भेटला असणार. ड्रूसिलानं कागद घडी करून खिशात टाकला आणि बावीस मुलांसमोर आपल्या बेटावरच्या क्रिओल बोलीत सुरू झाली. मुलं पुढे सरकली. तिला चेव चढला.

"धरायचा कसा? पाठीमागून, दोन बोटांत." शेजारच्या टबातला नर खेकडा तिनं उचलला. तोंड बोलत होतं, आणि हातानं सतरा वर्षं जे केलं तेच केलं. अंगठा वळला, कट्. मोठी नांगी तिच्या तळव्यात.

पुढची मुलगी रडायला लागली. मागून एक पोरगा म्हणाला, "मिस, हे कागदात आहे का?"

मिस ग्लेनिस खुर्चीतून उठली. ड्रूसिलाला क्षणभर वाटलं, शर्ट काढून द्यावा आणि चालू लागावं.

"कागदात नाही," ती म्हणाली. "माझ्या हातात आहे. पोत्यात ते एकमेकांना फाडतात, म्हणून आम्ही आधीच नांग्या मोडतो. आज मोडायची नव्हती. चुकलं माझं."

"मरेल तो?"

"नाही. कात टाकली की नवी फुटते, आधी बारीकशी. तोवर भांडायचं कशानं त्यानं?"

"माझे बाबा दोन्ही मोडतात."

"आमच्याकडे तर पोटाशी अंडी असलेली गाभोळीवाली मादीसुद्धा सोडत नाहीत," रडणारी मुलगी हळूच म्हणाली आणि तिनं ओठ दाबले.

ड्रूसिला तिच्यासमोर खाली बसली. "गाभोळीवाली समुद्रात पोट झटकते तेव्हा हजारो पिल्लं सुटतात. ती पोत्यात गेली तर तुझ्या लग्नाच्या जेवणात खेकडा नाही. घरी असंच सांग. ओरडले तर माझं नाव घे. घरी येईन मी."

मग सगळ्यांनी मिळून टब झुडपाशी नेला. खेकडा तिरका तिरका निघून गेला, तरी मुलं हलेनात. त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षिकेला तीनदा हाका माराव्या लागल्या.

मिस ग्लेनिस जवळ आली. "कागद पहिल्या ओळीपुढे वाचलास का एकदा तरी?"

"नाही."

"वर खेकडा मोडलास."

"मोडला."

"माझ्यावर डोळे काय वटारतेस? उद्या लेझी हिलची शाळा येतेय. चाळीस मुलं."

म्हणजे ड्रूसिला राहिली होती. पण तोंड तिचंच होतं. "वीस सांगा. चाळीस म्हणजे मागच्यांना काही दिसत नाही."

"मग दोन वर्ग घे," मिस ग्लेनिस म्हणाली. "आणि हात खिशात ठेव."