आईच्या माहेरच्या नावाचं कुलूप

आमच्या घरी सुरक्षिततेची व्यवस्था साधी होती. बाहेर जाताना कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. काकू नसल्या तर तुळशीच्या कुंडीखाली. कुंडीखालची जागा अख्ख्या आळीला माहीत होती, त्यामुळे किल्ली हरवायचा प्रश्नच नव्हता. वसईच्या खाडीकाठी अशा शिस्तीत वाढलेल्या मला दोन हजार सहाच्या सुमारास कंपनीने एक लॅपटॉप देऊन दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं.

तिथे पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका बाईंनी आम्हा परदेशी मंडळींचा वर्ग घेतला. कॉफीच्या दुकानातल्या फुकट इंटरनेटवरून बँकेचं काम करू नका, लॅपटॉप उघडा टाकून उठू नका, पासवर्ड वरचेवर बदला. बाकीचे जांभया देत होते. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. दुधाने माझं तोंड एकदाही पोळलं नव्हतं, पण त्या दिवसापासून मी ताक फुंकून प्यायला लागलो. खोलीवर चहा करायला उठलो तरी स्क्रीन लॉक करायचो. खोलीत मी एकटाच राहत होतो.

पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला मेलमध्ये एक गुप्त प्रश्न ठेवावा लागे. त्यांच्या यादीतला पहिलाच प्रश्न: आईचं लग्नाआधीचं नाव. म्हणजे आडनाव. तिकडे हे गुपित असतं म्हणे! आमच्या गावात आईला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. माहेर जवळच्याच गास गावचं, म्हणून ती सगळ्यांची ‘गासची’. गासमधल्या कुठल्या घरची, हे एसटीचा कंडक्टरही सांगू शकला असता. असल्या गुपिताने कुठला चोर अडणार?

तेव्हा मला अक्कल सुचली. आपल्याकडे माहेरचं नाव म्हणजे नुसतं आडनाव नव्हे. ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं की मुलीचं पहिलं नावही पुसलं जातं. आईचं ते पहिलं नाव मला माहीत नव्हतं, म्हणजे जगात कुणालाच माहीत नसणार. गासचे आजी-आजोबा कधीच गेले होते आणि मामा तिला ‘ताय’ म्हणायचा. तीस वर्षांत कुणी न उच्चारलेला शब्द! याहून मजबूत कुलूप कुठे मिळणार?

मी फोन केला. “कशाला रं तुला?” म्हणत आई हसली, चक्क लाजली, आणि तिने नाव सांगितलं. ते तिच्या आजीने का ठेवलं हे ती हौसेने सांगायला लागली, तर मी म्हणालो, “आई, फोनकार्डावरची मिनिटं संपतायत.” संपत नव्हती. मला ते टाइप करायची घाई होती. टाइप केलं, सेव्ह केलं आणि आठवड्याभरात विसरून गेलो. याची मला आजही लाज वाटते.

दीड वर्षाने व्हिसा वाढवायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी परदेशी लोकांच्या कचेरीत कागद दाखवायचे होते; नाही दाखवले तर नोकरी सोडून घरी. मूळ प्रमाणपत्रं वसईच्या कपाटात आणि त्यांच्या प्रती मेलमध्ये. लॅपटॉप चोरीला गेला तर, म्हणून मी त्यात एकही प्रत ठेवली नव्हती. आणि मेलचा पासवर्ड मी चारच दिवसांपूर्वी, वहीतल्या नियमाप्रमाणे, इतका अवघड करून ठेवला होता की तो मलाही आठवेना.

मेलने गुप्त प्रश्न विचारला. घाबरून आईचं माहेरचं आडनाव लिहिलं. चूक. आताचं नाव लिहिलं. चूक. आता एकच संधी, मग खातं चोवीस तास बंद.

भर दुपारी घरी फोन लावला. बाबांनी उचलला. सातिवलीच्या कारखान्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

“बाबा, आईचं माहेरचं नाव काय हो?”

“मामाचं आडनाव विसरलास काय?”

“आडनाव नको. तुम्ही ठेवलंत त्याच्या आधीचं नाव.”

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “त्ये मला कसं ठाव असनार? पत्रिका माज्या बापाने पायली. मी फक्त तांदळात लिवलं.” आणि त्यांनी आईला हाक मारली, “अगं, ऐकतंस का?”

आई आली. “तुला सांगितलं व्हतं की.”

“विसरलो.”

मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तवा तू विचारलंस, मला वाटलं पोराला परदेशात आईची आठवन आली. चार दिस खुशीत व्हते मी.”

मी कामाचंच बोललो. “आई, एकदाच लिहिता येईल. चुकलं तर कागद मिळणार नाहीत, परत यावं लागेल.”

“मंग ये की,” ती म्हणाली.

आणि मग तिने नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. मी टाइप केलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते मला पुन्हा सांगावं की नाही, याचा तिला किती विचार करावा लागला, ते मी फोनवर ऐकलं होतं. मेल उघडलं.

“झालं काम?”

“झालं, आई.”

फोन ठेवायच्या आत मागून बाबांचा आवाज आला. “काय सांगितलंस गं त्याला? काय नाव तुजं?”

“तुमाला कशाला?” आई म्हणाली. “कम्प्युटरला पायजे व्हतं.”